निळ्या ढालीचें चिन्ह

पोथ्यांचे संग्रह, दप्तरखाने व पदार्थसंग्रहालयें यांजवर लावावयाचें एक रक्षणचिन्ह अनेक राष्ट्रांच्या करारानें ठरलेलें आहे, ही गोष्ट आमच्या संग्राहक वाचकांपैकीं थोड्यांसच विदित असावी. हेग येथें ता. १४ मे १९५४ रोजीं झालेल्या कराराच्या १६ व्या कलमांत त्याचें वर्णन आहे तें असें: खालीं टोंक असलेली ढाल; तींत निळा चौकोन, त्याचा एक कोन हेंच ढालीचें टोंक; चौकोनाच्या वर निळा त्रिकोण; व दोहों बाजूंस उरलेली जागा पांढऱ्या त्रिकोणांची. पुढें १९९६ सालीं दप्तरें, पदार्थसंग्रहालयें, प्राचीन वास्तु व ग्रंथालयें यांच्या चार आंतरराष्ट्रीय संस्थांनीं मिळून एक समिति स्थापिली व तिला ‘ब्लू शील्ड’ म्हणजे निळी ढाल हेंच नांव दिलें. युद्ध व नैसर्गिक आपत्ति यांत सांस्कृतिक ठेव्याचें रक्षण करणें हें तिचें काम होय.

या संस्थेस संस्कृतीचा रेड क्रॉस म्हणण्याची वहिवाट आहे. कार्यापुरतें तें नातें खरें. चिन्हापुरतें तें आम्हांस मान्य नाहीं. पांढऱ्या भूमीवरील तांबडा क्रूस १८६४ सालच्या जिनीव्हा करारांत आला. स्वित्झर्लंडच्या गौरवार्थ त्या देशाच्या निशाणाचे रंग उलटे करून तो घेतला, हा खुलासा करारांत दाखल झाला तो मात्र १९०६ सालीं, म्हणजे बेचाळीस वर्षांनीं. समकालीन पत्र व मागाहून लिहिलेली बखर यांत आपण जो भेद करतों तोच येथेंहि करावा. योजणाराच्या मनांत धर्म नव्हता असें धरलें तरी पाहणारास तो दिसलाच. १८७६ सालीं तुर्कांनीं क्रूस सोडून तांबडी चंद्रकोर घेतली. १९२९ च्या करारांत चंद्रकोरीबरोबर इराणचा सिंह व सूर्यहि मान्य झाला. आणि २००५ सालीं कोणत्याच धर्माचा नव्हे असा तांबडा स्फटिक काढावा लागला.

ढालीचा जवळचा पूर्वज निराळाच आहे, व त्याचा आपल्या देशाशीं संबंध येतो. निकोलाय रोरिक हा रशियन चित्रकार १९२८ च्या अखेरीस कुलू खोऱ्यांत नग्गर येथें येऊन राहिला व १९४७ सालीं तेथेंच वारला. त्याच्या खटपटीनें ता. १५ एप्रिल १९३५ रोजीं वॉशिंग्टन येथें अमेरिकाखंडांतील एकवीस राष्ट्रांनीं सांस्कृतिक वास्तूंच्या रक्षणाचा करार केला. त्याचें निशाण पांढरें. त्यावर तांबडें वर्तुळ व आंत तीन तांबडे गोल. धर्म, कला व शास्त्र यांस वेढणारी संस्कृति, हा त्याचा एक अर्थ. भूत, वर्तमान व भविष्य यांस वेढणारें अनंतत्व, हा दुसरा. हीच आकृति तैमूरच्या मुद्रेवर, तिबेटांत व ख्रिस्ती चित्रांतहि असल्याचें रोरिक सांगत असे. त्याच्या तळमळीविषयीं आदर ठेवूनहि म्हणावें लागतें कीं, आकृति एक म्हणून अर्थ एक, हें अनुमान सदोष आहे. बौद्धांचें त्रिरत्न म्हणजे बुद्ध, धर्म व संघ. जैनांचें दर्शन, ज्ञान व चारित्र्य. तीन या संख्येपलीकडे त्यांत समान काय आहे? हेग कराराच्या ३६ व्या कलमानें, दोन्ही करारांत सामील असलेल्या राष्ट्रांपुरतें, या निशाणाच्या जागीं ढाल आणली.

ढाल ही कोणा एका धर्माची नव्हे, राष्ट्राची नव्हे, आणि तिनें वार करतां येत नाहीं. तिची निवड उचित ठरण्यास एवढें पुरेसें आहे, असें आमचें मत. संस्कृतांत ढालीस ‘फलक’ असाहि शब्द आहे, व फलक म्हणजे लांकडाची फळीहि. पोथी ज्या दोन फळ्यांमध्यें बांधतात तीहि फलकच. हा योगायोग हेगच्या मंडळींस ठाऊक असण्याचें कारण नाहीं. परंतु पोथीच्या फळ्या हाताळणारास तो सांगितल्यावांचून राहवत नाहीं. एक ढाल साधारण रक्षणाची. विशेष रक्षणास तीन ढाली, दोन वर व एक खालीं. करारान्वयें विशेष रक्षणाखालीं पोथ्या हलवावयाच्या तर त्या गाडीवरहि तीनच ढाली हव्यात.

चिन्हाचा उपयोग किती? ता. ६ डिसेंबर १९९१ रोजीं दुब्रोव्हनिकच्या जुन्या शहरावर तोफा डागल्या गेल्या, तेव्हां तेथें रक्षणचिन्हें फडकत होतीं. १९९२ च्या ऑगस्टांत सारायेव्होचें ग्रंथालय जळालें. आणि ता. ५ जानेवारी २००४ रोजीं पुण्यास भांडारकर संस्थेवर जमाव चालून आला व तिच्या संग्रहाची नासधूस झाली, तेव्हां युद्धच नव्हतें. तेथें या कराराचा प्रश्नच उद्भवत नव्हता.

हिंदुस्थानानें हा करार १९५८ सालीं मान्य केला आहे. तथापि कोणीं उत्साहानें आपल्या वाड्याच्या दरवाजावर ढाल रंगवूं नये. १७ व्या कलमाप्रमाणें, अधिकाऱ्याच्या सहीचा व तारखेचा परवाना जवळ असल्याखेरीज स्थावर वास्तूवर तें चिन्ह लावतां येत नाहीं. परवाना मागावयाचा तरी संग्रहांत काय आहे हें लिहून द्यावें लागेल. म्हणून घरीं पोथ्या असणारांनीं त्यांची यादी दोन प्रतींत करावी, आणि एक प्रत त्या पोथ्यांपासून दूर, दुसऱ्या गांवीं ठेवावी.