धावपटू कोठे राहतात? हवामान, उंची आणि सरावाची गावे

केनियाच्या पश्चिम भागात, केरिओ खोऱ्याच्या कड्यावर इतेन हे छोटे गाव वसले आहे. समुद्रसपाटीपासून त्याची उंची सुमारे २,४०० मीटर आहे. गावात शिरताना लागणाऱ्या कमानीवर ‘विजेत्यांचे माहेरघर’ अशा अर्थाचे इंग्रजी शब्द आहेत. पहाटे उजाडताच येथील लाल मातीच्या रस्त्यांवर धावपटूंचे गट दिसू लागतात. त्यांत स्थानिक तरुण-तरुणी असतात, तसेच युरोप, अमेरिका आणि आशियातून काही महिन्यांसाठी मुक्कामाला आलेले खेळाडूही असतात. ना समुद्रकिनारा, ना मोठे शहर. तरीही जगभरातील धावपटू या गावाची निवड का करतात, या प्रश्नाचे उत्तर बव्हंशी तेथील हवेत आहे.

शारीरिक श्रम हाच ज्यांचा दिनक्रम आहे, त्यांच्यासाठी हवामान हे केवळ सोयीचे किंवा गैरसोयीचे नसते. ते सरावाचे साधन असते. कोणत्या गावात राहावे, वर्षातील कोणते महिने तेथे काढावेत आणि दिवसाच्या कोणत्या वेळी घराबाहेर पडावे, हे निर्णय तापमान, आर्द्रता आणि उंची या तीन गोष्टी पाहून घेतले जातात.

शरीर आणि उष्णता

धावताना स्नायू जी ऊर्जा वापरतात, तिच्यापैकी साधारण पाचवा ते चौथा हिस्साच प्रत्यक्ष हालचालीसाठी उपयोगी पडतो. उरलेल्या ऊर्जेचे उष्णतेत रूपांतर होते. ही उष्णता शरीराबाहेर टाकण्याचा प्रमुख मार्ग म्हणजे घाम. मात्र घाम नुसता येऊन भागत नाही, तो वाळावा लागतो. हवेत आधीच बाष्प जास्त असेल तर घाम वाळत नाही, निथळून जातो आणि शरीर थंड होत नाही. म्हणूनच कोरड्या हवेतील ३० अंश सेल्सिअस तापमान सोसता येते. पण किनारपट्टीच्या दमट हवेत तेच तापमान असह्य होते.

शरीर थंड ठेवण्यासाठी त्वचेकडे अधिक रक्त पाठवावे लागते. त्यामुळे स्नायूंना मिळणारा रक्ताचा वाटा घटतो, हृदयाचे ठोके वाढतात आणि वेग मंदावतो. लांब पल्ल्याच्या शर्यतींसाठी १० अंशांच्या आसपासचे तापमान सर्वाधिक अनुकूल मानले जाते, त्याचे कारण हेच.

उष्ण हवेशी शरीर काही प्रमाणात जुळवून घेते. दहा ते चौदा दिवस उन्हाळी हवेत क्रमाक्रमाने सराव वाढवल्यास घाम लवकर येऊ लागतो, रक्तातील द्रवाचे प्रमाण वाढते आणि हृदयावरील ताण कमी होतो. मात्र या सवयीलाही मर्यादा आहे.

मेक्सिको १९६८ : उंचीचा धडा

उंचीचा प्रश्न क्रीडाजगतासमोर ठळकपणे आला तो १९६८ च्या मेक्सिको ऑलिंपिकमुळे. मेक्सिको सिटी हे शहर सुमारे २,२४० मीटर उंचीवर आहे. उंचावरील हवेतही प्राणवायूचे प्रमाण २१ टक्केच असते, पण हवेचा दाब कमी असल्याने प्रत्येक श्वासातून मिळणारा प्राणवायू घटतो. सुमारे २,४०० मीटर उंचीवर तो समुद्रसपाटीच्या तुलनेत जवळपास एक चतुर्थांशाने कमी असतो.

याचे परिणाम स्पर्धेत स्पष्ट दिसले. विरळ हवेचा अडथळा कमी असल्याने लांब उडीत अमेरिकेच्या बॉब बीमन यांनी ८.९० मीटरची विक्रमी झेप घेतली. याउलट १०,००० मीटर शर्यतीत विजेत्याला २९ मिनिटे २७.४ सेकंद लागले. ही वेळ त्या काळच्या विश्वविक्रमाहून पावणेदोन मिनिटांहून अधिक मंद होती. तो विक्रम ज्यांच्या नावावर होता, ते ऑस्ट्रेलियाचे रॉन क्लार्क याच शर्यतीत सहावे आले आणि अंतिम रेषेपाशी कोसळले. शर्यत जिंकली ती केनियाच्या नफ्ताली तेमू यांनी. १,५०० मीटरमध्ये किपचोगे केइनो, स्टीपलचेसमध्ये अमोस बिवॉट आणि मॅरेथॉनमध्ये इथिओपियाचे मामो वोल्डे विजयी झाले. हे सर्व पूर्व आफ्रिकेचे धावपटू होते.

याच स्पर्धेच्या तयारीसाठी फ्रान्सने पिरेनीज पर्वतातील फाँ-रोमो येथे, सुमारे १,८५० मीटर उंचीवर सराव केंद्र उभारले. तेव्हापासून उंचावरील सराव हा जगभरातील प्रशिक्षणाचा भाग झाला.

उंचावर राहिल्याने काय होते?

प्राणवायू कमी पडू लागला की मूत्रपिंडे एरिथ्रोपोएटिन नावाचे संप्रेरक अधिक प्रमाणात तयार करतात. त्याच्या प्रभावाने अस्थिमज्जेत तांबड्या रक्तपेशींची निर्मिती वाढते आणि रक्ताची प्राणवायू वाहून नेण्याची क्षमता सुधारते. हा बदल घडण्यास साधारण तीन ते चार आठवडे लागतात. खाली उतरल्यावर त्याचा लाभ काही आठवडेच टिकतो.

अडचण अशी की, उंचावर पूर्ण वेगाने सराव करता येत नाही. यावर अमेरिकेतील बेंजामिन लेव्हिन आणि जेम्स स्ट्रे-गंडरसन या संशोधकांनी १९९७ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासातून एक मार्ग समोर आला. २,५०० मीटर उंचीवर राहायचे आणि वेगवान सराव १,२५० मीटरवर उतरून करायचा, असा तो मार्ग. ‘राहा उंचावर, सराव करा खाली’ हे सूत्र त्यानंतर रूढ झाले. अर्थात प्रत्येक शरीराचा प्रतिसाद सारखा नसतो. शरीरात लोह कमी असल्यास लाभ फारसा मिळत नाही.

साधारण १,८०० ते २,५०० मीटर हा पट्टा राहण्यासाठी योग्य समजला जातो. त्याहून खाली परिणाम अपुरा पडतो. फार वर गेल्यास झोप आणि भूक बिघडते, सरावाचा वेग घसरतो.

जगातील धावपटूंची गावे

इतेन विषुववृत्तापासून शंभर किलोमीटरांहूनही कमी अंतरावर आहे. एवढ्या जवळ असूनही तेथे उकाडा नाही, कारण दर हजार मीटर उंचीमागे तापमान सरासरी साडेसहा अंशांनी उतरते. विषुववृत्तामुळे कडक हिवाळा नाही आणि उंचीमुळे कडक उन्हाळा नाही. त्यामुळे वर्षातील जवळपास प्रत्येक दिवशी धावता येते. व्यत्यय येतो तो पावसाळ्यात रस्त्यांवर होणाऱ्या चिखलाचा. १९७६ मध्ये आयर्लंडहून शिक्षक म्हणून आलेले ब्रदर कोम ओ’कॉनेल येथील सेंट पॅट्रिक्स शाळेत मुलांना धावण्याचे धडे देऊ लागले. २०१२ च्या लंडन ऑलिंपिकमध्ये ८०० मीटर शर्यत १ मिनिट ४०.९१ सेकंदांत जिंकून विश्वविक्रम करणारे डेव्हिड रुडिशा हे त्यांचेच शिष्य.

मॅरेथॉनमधील दोन वेळचे ऑलिंपिक विजेते इलियुद किपचोगे यांचे कुटुंब एल्डोरेट शहरात राहत असे आणि ते स्वतः आठवड्याचे बहुतेक दिवस कप्तगत येथील साध्या शिबिरात काढत, हे सर्वश्रुत आहे. इथिओपियातील सुमारे २,८०० मीटर उंचीवरील बेकोजी या गावाने देरार्तु तुलू, केनेनिसा बेकेले आणि तिरुनेश दिबाबा असे ऑलिंपिक विजेते दिले.

अमेरिकेत कोलोरॅडो राज्यातील बोल्डर हे सुमारे १,६५० मीटर उंचीवरील शहर १९७२ चे ऑलिंपिक मॅरेथॉन विजेते फ्रँक शॉर्टर तेथे स्थायिक झाल्यानंतर धावपटूंचे केंद्र बनले. ॲरिझोनातील फ्लॅगस्टाफ सुमारे २,१०० मीटरवर असून, तेथून मोटारीने थोड्याच वेळात कमी उंचीवर उतरता येते. उन्हाळ्यात युरोपीय खेळाडू स्वित्झर्लंडमधील सुमारे १,८०० मीटर उंचीवरील सेंट मॉरिट्झला मुक्काम हलवतात.

मात्र केवळ उंचीने विजेते घडत नाहीत. तसे असते तर अँडीज आणि हिमालयातील प्रत्येक वस्तीतून ऑलिंपिक विजेते निघाले असते. धावण्याची परंपरा, अनुभवी प्रशिक्षक, सोबत सराव करणारा गट आणि धावण्यातून मिळणाऱ्या उत्पन्नाची आशा यांची जोड मिळाल्यावरच हवामानाचा लाभ पदकांत दिसतो.

भारतातील चित्र

थंड हवेच्या ठिकाणी वस्ती करण्याची प्रथा भारतात ब्रिटिश काळात रुजली. श्रीरंगपट्टण येथील हिवतापामुळे त्रस्त झालेले सैन्य १८०९ मध्ये बेंगळुरूला हलवण्यात आले आणि तेथील छावणीचा पाया घातला गेला. निलगिरीतील उदगमंडलम, म्हणजेच उटी, १८२० च्या दशकात कोइमतूरचे जिल्हाधिकारी जॉन सलिव्हन यांनी वसवले. आज हीच दोन ठिकाणे भारतीय खेळाडूंच्या सरावासाठी महत्त्वाची आहेत.

देशातील सर्वांत जुनी राष्ट्रीय क्रीडा संस्था १९६१ मध्ये पतियाळा येथे सुरू झाली. तेथील मैदाने आणि सोयी उत्तम असल्या, तरी पंजाबातील मे-जूनचा उन्हाळा आणि डिसेंबर-जानेवारीतील धुके लांब पल्ल्याच्या धावपटूंना अनुकूल नाही. सुमारे ९०० मीटर उंचीवरील बेंगळुरूत तापमान वर्षभर तुलनेने सौम्य असते. त्यामुळे भारतीय क्रीडा प्राधिकरणाच्या तेथील केंद्रात हॉकीसह अनेक खेळांची शिबिरे भरतात. मध्यम व लांब पल्ल्याच्या धावपटूंची शिबिरे उटी येथे घेतली जातात. उटीची उंची सुमारे २,२४० मीटर, म्हणजे जवळपास मेक्सिको सिटीएवढीच. हिमाचल प्रदेशात शिलारू येथे सुमारे ८,००० फुटांवर प्राधिकरणाचे केंद्र आहे, परंतु हिवाळ्यातील बर्फामुळे त्याचा वापर ऋतूनुसार करावा लागतो.

महाराष्ट्राचे धावपटू

महाराष्ट्रात दख्खनच्या पठारावरील पुणे आणि नाशिक ही शहरे साडेपाचशे ते सहाशे मीटर उंचीवर आहेत. रक्तपेशी वाढण्यासाठी ही उंची पुरेशी नाही. तथापि मुंबईच्या दमट हवेच्या तुलनेत येथील पहाट थंड आणि कोरडी असते. सैन्यदलाची क्रीडा संस्था पुण्यात आहे. नाशिक जिल्ह्यातील सावरपाडा येथील कविता राऊत यांनी २०१० च्या दिल्ली राष्ट्रकुल स्पर्धेत १०,००० मीटरमध्ये कांस्यपदक मिळवले. सातारा जिल्ह्यातील दुष्काळी माण तालुक्याच्या ललिता बाबर यांनी २०१६ च्या रिओ ऑलिंपिकमध्ये ३,००० मीटर स्टीपलचेसची अंतिम फेरी गाठली.

बीड जिल्ह्यातील आष्टी तालुक्याच्या मांडवा गावचे अविनाश साबळे यांचा प्रवास या दृष्टीने बोलका आहे. सैन्यात दाखल झाल्यावर सियाचीनची थंडी, राजस्थानचे वाळवंट आणि सिक्कीमचे डोंगर असे तिन्ही प्रकारचे हवामान त्यांनी अनुभवले. पुढे त्यांनी कोलोरॅडो स्प्रिंग्ज येथील उंचावर सराव केला आणि २०२२ च्या बर्मिंगहॅम राष्ट्रकुल स्पर्धेत ३,००० मीटर स्टीपलचेसचे रौप्यपदक पटकावले. सुवर्णपदक अवघ्या ०.०५ सेकंदाने हुकले. २०२३ मध्ये हांगझोउ येथील आशियाई स्पर्धेत त्यांनी सुवर्णपदक जिंकले.

तापणारे जग, बदलणाऱ्या वेळा

वाढत्या तापमानामुळे आता स्पर्धांची स्थळे आणि वेळाही बदलाव्या लागत आहेत. २०१९ मध्ये दोहा येथील जागतिक स्पर्धेत महिलांची मॅरेथॉन मध्यरात्री सुरू करण्यात आली. तरीही तापमान ३० अंशांहून अधिक होते आणि ६८ पैकी २८ धावपटूंना शर्यत अर्धवट सोडावी लागली. त्यानंतर टोकियो ऑलिंपिकची मॅरेथॉन सुमारे ८०० किलोमीटर उत्तरेला सप्पोरो येथे नेण्यात आली. २०२१ च्या ऑगस्टमध्ये तेथेही उष्म्याच्या भीतीने महिलांची शर्यत ऐनवेळी एक तास अलीकडे, सकाळी सहा वाजता घेण्यात आली.

२००४ पासून होणारी मुंबई मॅरेथॉन जानेवारीत आणि पहाटे घेण्यामागे हेच गणित आहे. दिल्लीत मात्र थंडीबरोबर धुरके येते. २०१७ च्या नोव्हेंबरमध्ये दिल्लीची अर्धमॅरेथॉन प्रदूषणामुळे रद्द करावी, अशी मागणी डॉक्टरांच्या संघटनेने केली होती.

निवड कोणाला शक्य?

हवामान पाहून गाव निवडणे ही मुख्यतः साधने असलेल्यांना परवडणारी गोष्ट आहे. नामवंत खेळाडूला महासंघ, सैन्यदल किंवा पुरस्कर्ते उंचावर पाठवू शकतात. पोलीस वा सैन्य भरतीची तयारी करणाऱ्या लाखो तरुणांना मात्र आपल्याच गावच्या रस्त्यावर, आहे त्या हवेत धावावे लागते. झारखंडमध्ये २०२४ च्या ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये उत्पादन शुल्क शिपाई भरतीसाठी १० किलोमीटर धावण्याच्या चाचणीदरम्यान दहाहून अधिक उमेदवारांचा मृत्यू झाला. मृत्यूच्या कारणांबाबत मतभेद असले तरी, चाचणी काही दिवस थांबवून पुढे सकाळी नऊनंतर कोणालाही धावायला लावू नये, असा निर्णय सरकारला घ्यावा लागला.

गाव बदलता येत नसेल तर वेळ बदलता येते, ऋतू पाहता येतो आणि शरीराला सवय होण्यासाठी दोन आठवडे देता येतात. सूर्योदयापूर्वी सराव उरकणे, दमट दिवशी वेग कमी ठेवणे, तहान लागण्याची वाट न पाहता पाणी घेणे आणि चक्कर, मळमळ किंवा गोंधळल्यासारखे वाटल्यास तत्काळ थांबून सावलीत अंग गार करणे, या खबरदाऱ्या खर्चाच्या नाहीत. इतेनची हवा सर्वांना मिळणे शक्य नाही. परंतु भरतीच्या चाचण्या आणि शालेय स्पर्धा कोणत्या महिन्यात, किती वाजता घ्याव्यात, हे ठरवणे आयोजकांच्या हाती आहे.