सावरकर प्रत्यर्पण प्रकरण

सावरकर प्रत्यर्पण प्रकरण (१९१०–११) : विनायक दामोदर सावरकर यांना इंग्लंडहून मुंबईस नेले जात असता ते मार्सेलिस बंदरात निसटले आणि पुन्हा पकडले गेले, त्यावरून ब्रिटन व फ्रान्स यांच्यात झालेला आंतरराष्ट्रीय कायद्याचा वाद. मार्सेलिसची उडी मराठी माणसाला शाळेपासून ठाऊक असते. तिच्याभोवतीचा कायदा फारसा कुणी उलगडत नाही.

आरोपी परक्या देशाच्या हवाली करण्यासाठी ब्रिटिश पार्लमेंटने १८७० मध्ये प्रत्यर्पण कायदा केला. त्यासाठी त्या देशाशी करार लागे आणि राजकीय स्वरूपाच्या गुन्ह्यासाठी कुणालाही सोपवता येत नसे. फ्रान्सबरोबरच्या १८७६ च्या करारातही हाच अपवाद होता. साम्राज्याच्या हद्दीत मात्र १८८१ चा फरारी गुन्हेगार कायदा चाले. त्याला ना कराराची गरज, ना राजकीय गुन्ह्याची अडचण. बारा महिने वा अधिक सक्तमजुरीस पात्र असा कोणताही गुन्हा पुरे होई. म्हणजे पॅरिसमधल्या हिंदी क्रांतिकारकाला जे संरक्षण मिळे, ते लंडनमध्ये पाऊल टाकताच संपे. सावरकर १९१० च्या आरंभी पॅरिसला गेले होते. १३ मार्चला ते लंडनला परतले आणि व्हिक्टोरिया स्थानकावर पकडले गेले.

बादशहाविरुद्ध युद्ध पुकारणे, त्यासाठी कट करणे, शस्त्रे मिळवून पाठवणे, राजद्रोही भाषणे आणि नाशिकचे कलेक्टर जॅक्सन यांच्या खुनास (२१ डिसेंबर १९०९) चिथावणी, असे आरोप होते. १८८१ च्या कायद्यात एकच फट होती : पाठवणी अन्यायाची वा जाचक ठरत असेल, तर दहाव्या कलमाखाली न्यायालय ती रोखू शके. ब्रिक्स्टन तुरुंगातून केलेले अपील जून १९१० मध्ये फेटाळले गेले आणि १ जुलैला सावरकरांना घेऊन ‘मोरिया’ बोट निघाली.

ती ७ जुलैच्या संध्याकाळी मार्सेलिसला लागली. दुसऱ्या दिवशी सकाळी सावरकर शौचकूपाच्या झरोक्यातून पाण्यात उतरले आणि पोहत धक्क्यावर पोहोचले. फ्रेंच सागरी पोलिसांच्या जमादाराने त्यांना धरले आणि बोटीवरून धावत आलेल्या तिघांच्या मदतीने परत नेले. आश्रय मागायला एखादा मॅजिस्ट्रेट गाठण्याइतकाही अवधी त्यांना मिळाला नाही.

पॅरिसमधल्या हिंदी क्रांतिकारक मादाम कामा आणि कार्ल मार्क्सचे नातू, समाजवादी पत्रकार जाँ लाँगे यांनी प्रश्न उचलून धरला. फ्रान्सने कैदी परत मागितला. २५ ऑक्टोबरला वाद हेगच्या स्थायी लवाद न्यायालयाकडे सोपवण्याचे ठरले. बेल्जियमचे बेरनार्ट अध्यक्ष असलेल्या पाच जणांच्या मंडळाने २४ फेब्रुवारी १९११ रोजी निवाडा दिला. पकडून परत देण्यात अनियमितता झाली, हे मंडळाने मान्य केले. पण बळजबरी वा कपट नव्हते, परदेशी अधिकाऱ्याच्या अशा चुकीमुळे कैदी परत करण्याचे बंधन घालणारा आंतरराष्ट्रीय नियम नाही, असे ठरवून त्यांनी ब्रिटनच्या बाजूने कौल दिला. निवाड्याचा आधार होता तो दोन्ही देशांच्या पोलिसांतील पत्रव्यवहार. लंडनने पॅरिसला २९ जूनलाच बोटीची सूचना दिली होती. कोणताही प्रसंग घडू नये म्हणून आवश्यक त्या सूचना दिल्या आहेत, असे पॅरिसचे उत्तर होते. त्या उत्तरावरची तारीख ९ जुलै, म्हणजे घटनेनंतरची. मंडळाने ही गोष्ट फारशी मनावर घेतलेली दिसत नाही. बोटीवरची कैद सांभाळण्यात केलेले सहकार्य आणि किनाऱ्यावर आलेला माणूस हवाली करणे यांतला फरकही त्यांनी पुसट केला, आणि पुढे आंतरराष्ट्रीय कायद्याच्या अनेक अभ्यासकांनी निवाड्यावर टीका केली.

हेगचा निकाल येईपर्यंत मुंबईचा खटला थांबवलाही नव्हता. १९०८ च्या फौजदारी कायदा दुरुस्ती अधिनियमाखाली उच्च न्यायालयाच्या तीन न्यायमूर्तींचे विशेष न्यायासन बसले. ज्यूरी नव्हती, अपील नव्हते. आरोपी न्यायालयासमोर हजर आहे, तो कसा आणला गेला याने अधिकारक्षेत्र बाधित होत नाही, असे न्यायासनाने म्हटले. डिसेंबर १९१० मध्ये एक आणि ३० जानेवारी १९११ रोजी दुसरी, अशा दोन जन्मठेपांच्या काळ्या पाण्याच्या शिक्षा झाल्या.

१८८१ च्या कायद्याची जागा स्वतंत्र भारतात १९६२ च्या प्रत्यर्पण अधिनियमाने घेतली. त्याच्या ३१ व्या कलमाने राजकीय स्वरूपाच्या गुन्ह्यासाठी आरोपी सोपवण्यास मनाई केली.