कारंज्याचा कापूस आणि मोटारीचा क्लच

समृद्धी महामार्गाचा नागपूर ते शिर्डी हा टप्पा ११ डिसेंबर २०२२ रोजी खुला झाला. वाशीम जिल्ह्यात तो कारंजा, मालेगाव या भागांतून जातो. अशा सरळ रस्त्यावर भरधाव गाड्या पाहिल्या की आयटीआयच्या किंवा बारावीच्या मुलांचा एक प्रश्न हमखास येतो. इंजिनाची अश्वशक्ती वाढवली, तर क्लच कोणता बसवायचा म्हणजे तो टिकेल?

प्रश्न सुट्या भागांच्या दुकानातला वाटतो. पण दुकानात मिळणारे निरनिराळे क्लच हे एका जुन्या अडचणीवर माणसाने वेळोवेळी काढलेले तोडगे आहेत. ही अडचण समजून घ्यायला कारंज्याइतकी सोयीची जागा शोधून सापडणार नाही.

कारंज्यावरून जाणारी यवतमाळ-मूर्तिजापूर ही अरुंद रुळांची गाडी सर्वांना 'शकुंतला' म्हणून माहीत आहे. वऱ्हाडचा कापूस मुख्य लोहमार्गापर्यंत आणि तिथून मुंबईला पोचवण्यासाठी हा मार्ग घातला गेला. १९२१ साली मँचेस्टरमध्ये बनलेले वाफेचे इंजिन ही गाडी ओढत असे. (कापूस मँचेस्टरला, इंजिन मँचेस्टरहून, असा हा व्यवहार!) एप्रिल १९९४ मध्ये ते इंजिन निवृत्त झाले आणि डिझेल इंजिन आले, पुढे ती सेवाही थांबली. आपल्या दृष्टीने महत्त्वाची गोष्ट अशी, की त्या वाफेच्या इंजिनाला क्लच नव्हता. त्याची गरजच नव्हती. बॉयलरमध्ये वाफ कोंडलेली असते. गाडी उभी असतानाही ती दट्ट्याला पूर्ण जोराने ढकलू शकते. म्हणजे वेग शून्य असतानाच सर्वांत मोठा जोर मिळतो.

पेट्रोल किंवा डिझेलच्या इंजिनाचे तसे नाही. ते स्वतः फिरत असेल तरच जोर देते. फेऱ्या फार कमी झाल्या की बंद पडते. इंजिन फिरते आहे आणि चाक तर उभे आहे. मग दोघांची गाठ घालायची कशी? क्लचचा सारा इतिहास म्हणजे या एका प्रश्नाची उत्तरे.

पहिले उत्तर कापसाच्या जिनात तयार होते. जुन्या जिनिंग कारखान्यांत एका वाफेच्या इंजिनावर एक लांब दांडा फिरे आणि त्यावरून पट्ट्यांनी वेगवेगळी यंत्रे चालत. एखादे यंत्र थांबवायचे तर सगळे इंजिन थांबवणे परवडत नसे. म्हणून यंत्राच्या दांड्यावर दोन कप्प्या शेजारी शेजारी असत, एक घट्ट बसवलेली आणि एक नुसती मोकळी फिरणारी. पट्टा मोकळ्या कप्पीवर सरकवला की यंत्र थांबे, घट्ट कप्पीवर आणला की थोडा घसरत घसरत यंत्राला वेग देई. कार्ल बेंझने १८८६ साली पेटंट घेतलेल्या तीनचाकी मोटारीत नेमकी हीच युक्ती वापरली. जगातली पहिली म्हणून नावाजलेली मोटार आणि जिनातले सरकी काढण्याचे यंत्र क्लचच्या बाबतीत सख्खे भाऊ होते.

या युक्तीतला 'थोडा घसरत घसरत' हा भाग वाचकांनी लक्षात ठेवावा. पुढची सगळी डोकेदुखी तिथेच आहे.

इंजिने मोठी झाली तसा पट्टा पुरेना. मग शंकूच्या आकाराचे क्लच आले. चामड्याने मढवलेला शंकू फ्लायव्हीलच्या तशाच खोलगट भागात स्प्रिंगच्या जोराने बसे. चामडे कोरडे पडले की क्लच धक्का मारून पकडे, म्हणून त्याला गुरांच्या खुरांचे तेल चोळत. तेल जास्त झाले की तो घसरे, म्हणून त्यावर मुलतानी माती टाकत! त्या काळच्या मोटार हाकणाऱ्यांना हे दोन्ही डबे जवळ बाळगावे लागत. हेनरी हेले-शॉ या इंग्रज अभियंत्याने विसाव्या शतकाच्या सुरुवातीला दुसरी वाट काढली. त्याने तेलात बुडालेल्या अनेक पातळ तबकड्या एकाआड एक रचल्या. हे तत्त्व वर्गात दोन मिनिटांत दाखवता येते. दोन वह्यांची पाने एकमेकांत घाला आणि दोन मुलांना त्या ओढायला सांगा. प्रत्येक पानाचे घर्षण क्षुल्लक असते, पण शंभर पानांचे मिळून वह्या सुटता सुटत नाहीत.

चामड्याच्या जागी काय, या प्रश्नात कापूस पुन्हा येतो. हर्बर्ट फ्रूड हा इंग्लंडमधल्या डोंगराळ डर्बीशायरमध्ये राहत असे. तिथले गाडीवान उतारावर लाकडी ब्रेकला जुन्या बुटाचा तळ ठोकत, हे त्याने पाहिले आणि १८९७ च्या सुमारास चांगल्या घर्षण-पदार्थाचा शोध सुरू केला. पुढे फेरोडो नावाने प्रसिद्ध झालेला उद्योग तो हाच. सुती विणीला डांबरासारख्या द्रव्यात भिजवून केलेले अस्तर उत्तम पकडे. पण कापूस दोनशे अंशांच्या आसपास करपू लागतो. म्हणून १९०८ पासून फ्रूडने अ‍ॅस्बेस्टॉस वापरायला सुरुवात केली. ते जळत नसे, पकडही चांगली देई. त्याची धूळ फुफ्फुसांत जाऊन काही दशकांनी कर्करोग होतो हे पुरते पटेपर्यंत निम्मे शतक उलटले, आणि संपूर्ण युरोपीय संघात त्यावर बंदी यायला २००५ साल उजाडले.

आता मुलांच्या प्रश्नाकडे येऊ. क्लच किती भार पेलेल याचे गणित अगदी साधे आहे:

घर्षणांक × दाब × सरासरी त्रिज्या × घासणाऱ्या पृष्ठभागांची संख्या.

समजा घर्षणांक ०.३, प्रेशर प्लेटचा दाब ५००० न्यूटन, त्रिज्या ०.०९५ मीटर आणि प्लेटच्या दोन बाजू. गुणाकार येतो २८५ न्यूटन-मीटर. हा झाला टॉर्क, म्हणजे फिरवणारा जोर. २०० न्यूटन-मीटरच्या इंजिनाला हा क्लच निवांत पुरतो. त्याच इंजिनाचा टॉर्क कुणी ३०० वर नेला, तर तो घसरणार.

पाहा, या गुणाकारात अश्वशक्ती कुठेच नाही. १५० अश्वशक्ती मिनिटाला ४००० फेऱ्यांना देणाऱ्या इंजिनाचा त्या वेळचा टॉर्क सुमारे २६५ न्यूटन-मीटर असतो. तीच १५० अश्वशक्ती ७५०० फेऱ्यांना देणाऱ्याचा सुमारे १४०. म्हणून अश्वशक्ती सांगून क्लच मागणे म्हणजे पावलाचे माप न देता उंची सांगून चप्पल मागण्यासारखे आहे.

गुणाकारात क्षेत्रफळही नाही. घर्षणाचा जोर क्षेत्रफळावर अवलंबून नसतो, हे आमाँतों या फ्रेंच संशोधकाने १६९९ मध्येच मांडले होते. पण मग मोठी प्लेट का बसवतात? एक तर तिची त्रिज्या मोठी असते. आणि दुसरे म्हणजे उष्णता पसरायला जागा मिळते. क्लचला खरी मारते ती उष्णताच. इंजिनाच्या फेऱ्या कायम ठेवून गाडी उभ्या स्थितीतून उचलली, तर गाडीला जितकी गतिज ऊर्जा मिळते तितकीच क्लचमध्ये उष्णता होते. गाडी १२०० किलोची असेल आणि ताशी १८ किलोमीटरला क्लच पूर्ण बसला, तर ही उष्णता १५,००० ज्यूल. हौशी चालकाने इंजिन गरगरवून क्लच सोडला आणि तो ताशी ४५ ला बसला, तर सुमारे ९४,००० ज्यूल, म्हणजे सहापटीहून अधिक. फ्लायव्हील आणि प्रेशर प्लेट मिळून दहा किलोचे ओतीव लोखंड धरले, तर एका उड्डाणाला सरासरी वीस अंश तापमान वाढते. लागोपाठ दहा उड्डाणांना दोनशे. घासणारा पृष्ठभाग तर त्याहून कितीतरी जास्त तापतो, कारण उष्णता आत झिरपायला वेळच मिळत नाही. तेव्हा दोष इंजिनापेक्षा पायाचा अधिक. महामार्गावर एका वेगाने जाणाऱ्या गाडीचा क्लच झिजत नाही. तो झिजतो आठवडी बाजाराच्या गर्दीत आणि चढावर हाफ क्लचवर धरलेल्या गाडीत.

मग टॉर्क वाढवलेल्या गाडीसाठी काय निवडावे? गुणाकारातला कोणताही एक आकडा वाढवता येतो, आणि प्रत्येकाची किंमत मोजावी लागते. दाब वाढवला तर पॅडल जड होते, रिलीज बेअरिंगवर आणि क्रँकशाफ्टवर भार येतो. पूर्वी गोल स्प्रिंगा असत. प्लेट झिजली की त्यांचा दाब कमी होई. १९३० च्या दशकाच्या अखेरीपासून मोटारींत आलेल्या बशीसारख्या डायफ्राम स्प्रिंगचा दाब झिजेबरोबर तसा ढळत नाही, म्हणून आज तीच सर्वत्र दिसते. घर्षणांक वाढवायचा तर तांब्याची भुकटी भट्टीत दाबून केलेल्या गुंड्या लावतात. बाजारात त्यांना सिरॅमिक म्हणतात. सोयाबीनची ट्रॉली ओढणाऱ्या कित्येक ट्रॅक्टरांत अशा प्लेटा असतात. ताप सोसण्यात त्या पटाईत, पण शहरातल्या मोटारीत धक्के देतात आणि फ्लायव्हील खातात. त्रिज्या वाढवायला घरात जागा नसते. उरते प्लेटांची संख्या. दोन प्लेटा म्हणजे चार पृष्ठभाग. हेले-शॉची युक्ती, फक्त कोरडी. खर्च जास्त, पण पॅडल हलके राहते.

आमचे मत विचाराल तर, रोज रस्त्यावर चालणाऱ्या गाडीला पूर्ण गोल अस्तराची, मध्ये धक्के शोषणाऱ्या स्प्रिंगा असलेली प्लेटच बरी. अस्तर साधे सेंद्रिय असो किंवा अ‍ॅरामिड धाग्याचे. (१९६५ मध्ये स्टेफनी क्वोलेक यांच्या संशोधनातून निघालेले केव्हलार हे त्याच जातीचे.) मात्र अ‍ॅरामिडची प्लेट सुरुवातीचे काही शे किलोमीटर हळुवार चालवून बसू द्यावी लागते. क्षमता इंजिनाच्या मोजलेल्या टॉर्कपेक्षा वीस-तीस टक्के जास्त हवी, त्याहून फार जास्त नको. तेवढ्यात एका प्लेटने भागले नाही तर दोन प्लेटांकडे वळावे. गुंड्यांची प्लेट शर्यतीसाठी ठेवावी. कधीच न घसरणारा क्लच मिळाला, तर झटका थेट गिअरच्या दातांवर जातो, आणि गिअरबॉक्स प्लेटपेक्षा खूप महाग पडते. घरातल्या फ्यूजसारखेच आहे हे.

इथे एक गोष्ट मुलांना सांगायलाच हवी. मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ कंपनीच्या मूळ तपशिलाशी विसंगत बदल करू देत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये ते स्पष्ट केले आहे.

जवळच्या मेकॅनिककडून एखादी टाकून दिलेली प्लेट आणि प्रेशर प्लेट मागून वर्गात आणता येईल. लोखंडावर निळसर डाग दिसले, तर तिथे पृष्ठभाग तीनशे अंशांच्या आसपास तापला होता. अस्तर काचेसारखे चकचकीत झाले असेल, तर तो क्लच घसरत होता. खिळ्यांपर्यंत सारखे झिजले असेल, तर चालक शहाणा होता. प्लेट जुन्या गाडीची असेल तर तिच्यात अ‍ॅस्बेस्टॉस असू शकते. तिची धूळ फुंकू नका, पंपाची हवा मारू नका, ओल्या फडक्याने पुसा आणि ते फडके पिशवीत बांधून टाका.