मुंबई टाइम आणि प्रोग्रामबाहेरची वेळ

आजचा विषय वाचून दोघा-तिघांनी विचारलं, तत्त्वज्ञानाच्या माणसाचं क्लाउडमध्ये काय काम? काम आहे. एखाद्या गोष्टीचं वागणं ठरवणारी बाब त्या गोष्टीच्या बाहेर असते, तेव्हा ती कुणी ठरवायची आणि ती लागू कधी होते, हा आमचा जुनाच प्रश्न. फक्त आता तो प्रोग्राम लिहिणाऱ्या मुलांपुढे आलाय.

आपण घड्याळापासून सुरुवात करू. १ जानेवारी १९०६ ला भारतीय प्रमाणवेळ लागू झाली. साडेब्याऐंशी अंश पूर्व रेखावृत्ताची वेळ, म्हणजे ग्रिनिचच्या साडेपाच तास पुढे. मुंबईची स्वतःची वेळ तिच्या ३९ मिनिटं मागे होती. आपल्या कोल्हापूरची सूर्याची वेळ काढली तर ती साधारण ३३ मिनिटं मागे येते. मुंबईकरांना हे बाहेरून लादणं नवं नव्हतं. गव्हर्नर फर्ग्युसन यांनी १८८१ मध्ये मद्रास टाइम आणून पाहिला होता, आणि १८८३ मध्ये तो मागे घ्यावा लागला होता. १९०६ मध्ये सरकारी कचेऱ्या नव्या वेळेवर गेल्या. गिरणीतल्या कामगारांनी मात्र काम थांबवून विरोध केला, आणि महापालिकेनं मुंबई टाइम धरून ठेवला. तो चालला १९५५ पर्यंत! एकाच शहरात जवळजवळ पन्नास वर्षं दोन वेळा. घड्याळं तीच, चाकं तीच. ती कशाला लावायची एवढाच वाद, पण त्यावर माणसाची झोप आणि कामाचा भोंगा ठरत होता.

आता संगणकाकडे या. बेल लॅब्जच्या युनिक्सची सातवी आवृत्ती १९७९ ची. तिच्यात एन्व्हायर्नमेंट व्हेरिएबल आली. कल्पना साधी आहे: प्रोग्राम सुरू होताना त्याच्या हातात एक चिठ्ठी द्यायची, नाव आणि त्यापुढे किंमत. वेळेचा पट्टा त्या आवृत्तीत यंत्रणेच्या गाभ्यातच होता. पुढच्या युनिक्समध्ये तोही चिठ्ठीवर आला, टीझेड या नावानं. आज त्यात आपण 'एशिया/कोलकाता' लिहितो. मुंबई का नाही? कारण त्या यादीत १९७० पासून एकच वेळ पाळणाऱ्या प्रदेशाला सहसा त्यातल्या सर्वांत मोठ्या वस्तीच्या शहराचं नाव देतात. त्यामुळे त्या नावाखालचा जुना इतिहासही कोलकाता आणि मद्रासच्या वेळांचा आहे, मुंबई टाइम त्यात नाही. असो.

या चिठ्ठीचा स्वभाव नीट समजून घ्या. प्रोग्राम दुसरा प्रोग्राम सुरू करतो तेव्हा त्याला चिठ्ठीची नक्कल मिळते. पोरानं आपल्या नकलेत खाडाखोड केली तर बापाच्या चिठ्ठीत काही बदलत नाही. म्हणून चालू प्रोग्राममध्ये आतून किंमत बदलली, तर ती त्याच्यापुरती आणि त्याच्या पुढच्या लेकरांपुरती. प्रोग्राम बंद पडला की गेली. क्लाउडवरची सेवा कायमची बदलायची, तर जो चिठ्ठी लिहितो त्यालाच, म्हणजे सेवा चालवणाऱ्या यंत्रणेला, सांगावं लागतं. पूर्वी माणूस सर्व्हरवर बसून हे करायचा. आता त्या यंत्रणेलाही एपीआय असतो, म्हणजे हे सांगणंसुद्धा कोडनं होतं.

इथे दोन यंत्रणांचे दोन स्वभाव बघण्यासारखे आहेत. हिरोकूच्या एपीआयला एक व्हेरिएबल पाठवलं, तर तेवढंच बदलतं, बाकीची जागच्या जागी राहतात. मग सेवा पुन्हा सुरू होते, कारण नवी चिठ्ठी नव्या प्रोग्रामलाच देता येते. एडब्ल्यूएस लॅम्डाचं वेगळं. तिथे फंक्शनची मांडणी बदलताना तुम्ही पाठवलेली यादी हीच पूर्ण यादी धरली जाते. नुसतं टीझेड पाठवलंत तर डेटाबेसचा पत्ता आणि पासवर्ड दोन्ही पुसले जातील, आणि यंत्रणेच्या दृष्टीनं त्यात चूक काहीच नसेल! म्हणून तिथे आधी चालू यादी मागवायची, तिच्यात आपलं एक घालायचं, मग सगळी परत पाठवायची. घाईच्या माणसाला ही मधली पायरी फालतू वाटते.

हिरोकूच्याच अ‍ॅडम विगिन्स यांनी २०११ च्या सुमारास 'ट्वेल्व्ह-फॅक्टर अ‍ॅप' म्हणून बारा सूत्रं मांडली. त्यातलं तिसरं असं की जे ठिकाणाप्रमाणे बदलतं ते कोडमध्ये नको, एन्व्हायर्नमेंटमध्ये ठेवा. सूत्र चांगलं आहे. पण लोकांनी त्यातली अट विसरून दिसेल ते बाहेर काढायला सुरुवात केली, हे मला पटत नाही.

समजा, अंबाबाईच्या किरणोत्सवाच्या वेळा सांगणारी एक सेवा तुम्ही मुंबईतल्या सर्व्हरवर ठेवली. सर्व्हर मुंबईत असला तरी त्याचं घड्याळ बहुधा यूटीसीवर असतं. संध्याकाळचे पावणेसहा तिथे दुपारचे सव्वाबारा होतात. तुम्ही टीझेड बाहेरून लावून मोकळे झालात, आणि वर्षभरानं कुणी दुसऱ्या यंत्रणेवर सेवा हलवताना ती चिठ्ठी न्यायची विसरला. भक्त दुपारी बाराला दारात! चाचणीची प्रत असो वा खरी, पुण्यात चालो वा सिंगापूरला, कोल्हापूरचा वेळपट्टा तोच राहणार. तो ठिकाणाप्रमाणे बदलत नाही, तेव्हा विगिन्स यांच्याच अटीनुसार तो कोडमध्ये शोभतो. डेटाबेसचा पासवर्ड मात्र प्रत्येक प्रतीला वेगळा असतो, आणि कोड चार जण वाचतात. त्याची जागा बाहेर.