वऱ्हाडच्या भाडेपट्ट्यापासून यवतमाळच्या भाडेकरारापर्यंत

१/ यवतमाळात दारव्हा रोडला किंवा वाघापुरात दुसरे घर घ्यावे आणि ते भाड्याने देऊन दरमहा थोडे उत्पन्न सुरू करावे, हा विचार आज अनेक तरुण नोकरदारांच्या मनात येतो. ते घराची किंमत पाहतात, भाड्याचा दर विचारतात. भाडे किती काळासाठी आणि कोणत्या वाढीने ठरले, हा प्रश्न मात्र मागे राहतो. या प्रश्नाचे महत्त्व आपल्या जिल्ह्याच्या इतिहासाइतके स्पष्टपणे क्वचितच दुसरीकडे दिसेल.

२/ आरंभ एका प्रचंड भाडेपट्ट्यापासून करू. १८५३ साली निजामाने वऱ्हाडचा कारभार इंग्रजांच्या हवाली केला. १९०२ साली लॉर्ड कर्झन आणि निजाम मीर महबूब अली खान यांच्यात नवा करार झाला. त्यानुसार संपूर्ण वऱ्हाड इंग्रजांना कायमच्या पट्ट्याने मिळाले. भाडे ठरले वर्षाला २५ लाख रुपये. आजचा यवतमाळ जिल्हा त्याच वऱ्हाडाचा भाग. तेव्हा त्याचे नाव वणी जिल्हा होते. १९०५ मध्ये ते यवतमाळ झाले.

३/ या कराराच्या अटी पाहा. मालकी निजामाची, वहिवाट इंग्रजांची. पट्ट्याला मुदत नाही आणि रकमेला वाढ नाही. प्रांताचे उत्पन्न कितीही वाढले, तरी मालकाच्या पदरी ठरलेली रक्कमच. १९३६ च्या करारात निजामाचे सार्वभौमत्व पुन्हा मान्य झाले, त्याच्या वारसाला ‘प्रिन्स ऑफ बेरार’ हा किताबही मिळाला; कारभार मात्र परत मिळाला नाही. मुदत आणि वाढ नसलेल्या करारात मालकाकडे अखेरीस नावच उरते.

४/ आता प्रांताकडून घराकडे येऊ. कापसाच्या व्यापाराने यवतमाळ वाढले. जिनिंगचे कारखाने आले, मूर्तिजापूरकडे जाणारी नॅरोगेज आगगाडी आली, जिल्ह्याच्या कचेऱ्या आल्या. त्यांच्यासोबत कारकून, गुमास्ते, वकील आणि शिक्षक आले. बदलीच्या माणसाला घर बांधणे परवडत नाही. तो भाड्याने राहतो. गावातील वाड्यांच्या खोल्या अशा रीतीने उत्पन्नाचे साधन झाल्या.

५/ पुढे दुसरे महायुद्ध आले. महागाई भडकली, बांधकाम मंदावले आणि शहरांत माणसांची गर्दी झाली. फाळणीनंतर निर्वासितांची भर पडली. घरे थोडी आणि गरजू फार, अशा वेळी मालकाने वाटेल ते भाडे मागितले असते, तर सामान्य कुटुंबे रस्त्यावर आली असती. भाडे नियंत्रणाचा जन्म या संकटातून झाला. आज तो कायदा कितीही जाचक वाटो, त्या काळी तो निवाऱ्याचा आधार होता.

६/ मुंबई प्रांतात १९४७ चा कायदा आला. तेथे भाड्याचा आधार १ सप्टेंबर १९४० चा दर ठरला. आपल्याकडे १९४९ मध्ये मध्य प्रांत व वऱ्हाडचा भाडे नियंत्रण आदेश निघाला. वाजवी भाडे ठरवण्याचा अधिकार रेंट कंट्रोलरकडे गेला. त्याच्या लेखी परवानगीवाचून मालकाला भाडेकरूस घर सोडण्याची नोटीस देता येईना. परवानगी मिळाली तरी पुढे दिवाणी न्यायालयात दावा उरलेलाच. म्हणजे एका घरासाठी दोन लढाया.

७/ एवढ्यावर हे थांबत नव्हते. घर रिकामे होणार असेल, तर त्याची वर्दी सरकारला द्यावी लागे. जिल्हाधिकारी ते घर सरकारी नोकराला किंवा विस्थापिताला देण्याचा हुकूम करू शकत. मालकाला स्वतःला राहण्यासाठी घर हवे असेल, तर त्याच गावात त्याचे स्वतःचे दुसरे घर नाही ना, हे तपासले जाई.

८/ १९५६ साली विदर्भ मुंबई राज्यात आला, १९६० साली महाराष्ट्र झाला. तरीही एका राज्यात तीन कायदे चालू राहिले: मुंबईकडे १९४७ चा, विदर्भात १९४९ चा आदेश, मराठवाड्यात हैदराबादचा १९५४ चा कायदा. जुन्या सीमा नकाशावरून पुसल्या गेल्या, पण भाडेपावतीवर त्या टिकून राहिल्या.

९/ गोठलेल्या भाड्याची किंमत दोन्ही बाजूंनी मोजली. मुंबईत भाड्यातून डागडुजीचा खर्च निघेना. इमारती इतक्या खचल्या की १९६९ मध्ये दुरुस्ती मंडळासाठी स्वतंत्र कायदा करावा लागला. गळके छप्पर भाडेकरूच्या डोक्यावर आणि तुटपुंजे भाडे मालकाच्या हाती. १९९७ साली मालपे विश्वनाथ आचार्य खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की, एके काळी योग्य असलेले हे गोठवणे काळाच्या ओघात अवाजवी झाले आहे.

१०/ त्यानंतर महाराष्ट्र भाडे नियंत्रण अधिनियम, १९९९ झाला. तो ३१ मार्च २००० पासून लागू झाला आणि तिन्ही जुने कायदे संपले. मालकाला वर्षाला ४ टक्के भाडेवाढीचा हक्क मिळाला. करार लेखी आणि नोंदणीकृत असणे सक्तीचे झाले, आणि नोंदणीची जबाबदारी मालकावर आली. नोंदणी नसेल, तर अटींबाबत भाडेकरूचे म्हणणे ग्राह्य धरले जाते, जोपर्यंत उलट सिद्ध होत नाही. लीव्ह अँड लायसन्सची मुदत संपूनही घर न सोडणाऱ्याकडून दुप्पट दराने भरपाई मागता येते.

११/ आता नव्या गुंतवणूकदाराचा हिशोब. समजा घर ३० लाखांचे आणि भाडे दरमहा ९,००० रुपये. वर्षाचे १,०८,००० झाले. एक महिना घर रिकामे राहिले, तर ९९,०००. घरपट्टी व डागडुजीचे १५,००० वजा केले की उरले ८४,०००, म्हणजे किमतीच्या २.८ टक्के. कर्ज काढले असेल, तर हप्ता वेगळाच. इतक्या बारीक नफ्यात मुदत आणि वाढ कागदावर नसेल, तर काय उरेल?

१२/ म्हणून घर पाहण्याआधी करार समजून घ्या. मुदत लिहा, वाढ लिहा, अनामत रक्कम लिहा, नोंदणी करा. समोरच्या माणसालाही स्थैर्य हवे आहे, हेही विसरू नका. कायदा त्याच्या गरजेतूनच जन्माला आला होता. घरातील जुन्या पेटीत आजोबांची भाडेपावती सापडली, तर तिच्यावरील साल आणि रक्कम अवश्य पाहा. वरील इतिहासातील कोणत्या टप्प्यावर ती फाडली गेली, हे तुम्हांला आता ओळखता येईल.