दोन बोटांचा रकाना: बलात्काराचा कायदा आणि डॉक्टरचा कागद

साल १९९५. एमबीबीएस झाल्यावर बॉण्डची नोकरी म्हणून मी एका ग्रामीण रुग्णालयात होतो. एका संध्याकाळी महिला पोलीस सतरा-अठरा वर्षांच्या एका मुलीला घेऊन आल्या. लेडी डॉक्टर रजेवर होत्या, म्हणून तपासणी माझ्याकडे आली. सायक्लोस्टाइल केलेला फॉर्म होता. त्यात एक रकाना होता: योनिमार्गात किती बोटं सहज जातात? मी सिस्टरना शेजारी उभं केलं, तपासणी केली, आकडा लिहिला आणि कॉलेजात शिकलो होतो तसा खाली शेरा मारला: 'शरीरसंबंधाची सवय असलेली'. संमतीसाठी तिचा अंगठा घेतला होता. कशाची संमती, हे तिला कोणी सांगितलं नाही. मीही नाही.

दीड-दोन वर्षांनी साक्षीचं समन्स आलं. माझ्या रिपोर्टात तिच्या दंडावरचे वळ होते, पाठीवरचं खरचटणं होतं. बचाव पक्षाच्या वकिलांनी त्याबद्दल एकही प्रश्न विचारला नाही. त्यांनी फक्त ते एक वाक्य मला मोठ्याने वाचायला लावलं आणि विचारलं, "डॉक्टर, म्हणजे तिला सवय होती, बरोबर?" मी म्हणालो, "तपासणीवरून तसं दिसतं." पुढे निकाल काय लागला, याची मी चौकशी केली नाही. आजही मला तो ठाऊक नाही.

या ब्लॉगवर मी सहसा मधुमेह, रक्तदाब, डेंग्यू यांवर लिहितो. आज कायद्यावर लिहितोय, कारण आपल्या देशातल्या बलात्काराच्या कायद्याचा इतिहास हा बऱ्याच अंशी डॉक्टरने कागदावर काय लिहिलं, याचाही इतिहास आहे.

आधी शरीरशास्त्र सांगतो, म्हणजे पुढचं समजायला सोपं जाईल. योनिपटल, म्हणजे हायमेन, हे बाटलीचं सील नाही. योनिमुखाशी असलेली ती पातळ, लवचीक घडी आहे. तिचा आकार प्रत्येकीचा वेगळा असतो. काहींमध्ये ती जन्मतःच अगदी थोडी असते. शरीरसंबंधानंतरही ती न फाटलेली असू शकते, आणि दुसऱ्या कारणांनीही तिला इजा होऊ शकते. योनिमार्ग किती सैल वाटतो हे स्नायूंच्या ताणावर, भीतीवर, पेशंट कशी झोपली आहे यावर अवलंबून असतं. तपासणाऱ्याच्या बोटांच्या जाडीवरही. माझं बोट आणि तुमचं बोट सारखं नसतं. या तपासणीतून पूर्वी संबंध आले होते की नाही, हे कळत नाही. आणि आले असतील तर काय? काल संमती दिली होती म्हणून आजही होती, असं होत नाही.

आता कायदा. मेकॉलेच्या आयोगाने १८३७ मध्ये मसुदा केलेली भारतीय दंड संहिता १८६० मध्ये मंजूर झाली आणि १ जानेवारी १८६२ पासून लागू झाली. कलम ३७५ ने बलात्काराची व्याख्या केली: स्त्रीच्या इच्छेविरुद्ध, तिच्या संमतीशिवाय, किंवा मृत्यूची अथवा इजेची भीती घालून मिळवलेल्या संमतीने ठेवलेला संबंध. नवरा असल्याची तोतयागिरी करून ठेवलेला संबंधही त्यात आला. मुलगी दहा वर्षांखालची असेल तर संमतीचा प्रश्नच नाही. शिक्षा कलम ३७६ मध्ये: जन्मठेप काळ्या पाण्याची, किंवा दहा वर्षांपर्यंत कैद. किमान शिक्षा किती, हे लिहिलेलं नव्हतं.

या व्याख्येत 'जखम' हा शब्द कुठेही नाही. 'प्रतिकार' नाही, 'चारित्र्य' नाही. हे सगळं नंतर आलं, पुस्तकांतून आणि कोर्टांतून. सतराव्या शतकातले इंग्लंडचे न्यायाधीश मॅथ्यू हेल यांनी असं मत मांडून ठेवलं होतं की हा आरोप करणं सोपं आणि तो खोडून काढणं अवघड, म्हणून बाईच्या शब्दाकडे सावधपणे बघावं. हा संशय वकिलांकडून न्यायवैद्यकाच्या पुस्तकांत उतरला आणि तिथून आम्हा विद्यार्थ्यांच्या वह्यांत.

व्याख्येत एक अपवादही होता. बायको दहा वर्षांची झालेली असेल तर नवऱ्याने तिच्याशी ठेवलेला संबंध हा बलात्कार नाही. या अपवादाची किंमत १८८९ मध्ये कलकत्त्यात उघड झाली. फुलमणी दासी ही दहा-अकरा वर्षांची मुलगी. तिशी उलटलेल्या नवऱ्याने ठेवलेल्या संबंधात तिला आत जखम झाली आणि रक्तस्रावाने ती मेली. शवविच्छेदनाने कारण स्पष्ट केलं होतं. तरी दहा वर्षं पूर्ण झाली असल्याने बलात्काराचं कलम लागेना. नवऱ्याला शिक्षा झाली ती बेदरकारपणे गंभीर दुखापत केल्याबद्दल, एक वर्षाची.

त्यानंतर भारतात काम करणाऱ्या स्त्री-डॉक्टरांनी व्हाइसरॉयकडे अर्ज केला. आपल्या दवाखान्यांत आलेल्या बालवधूंच्या जखमा त्यांनी त्यात एकेक करून मांडल्या. मुंबईत बेहरामजी मलबारी १८८४ पासून या प्रश्नामागे लागलेच होते. १८९१ मध्ये संमतिवयाचा कायदा झाला आणि वय दहावरून बारा झालं. पुण्यात यावरून केवढं रण माजलं, हे तुम्ही शाळेत वाचलं असेल. परक्या सरकारने आमच्या धर्मात आणि घरात हात घालू नये, असं म्हणत टिळक विरोधात होते. आगरकर, रानडे, भांडारकर कायद्याच्या बाजूने. शाळेच्या पुस्तकात हा दोन विचारांचा वाद म्हणून येतो. डॉक्टर म्हणून मला त्यात एका मुलीचा शवविच्छेदन अहवाल दिसतो.

पुढे वय हळूहळू चढत गेलं: १९२५ ला चौदा, नंतर सोळा, आणि २०१२-१३ मध्ये अठरा. लग्नातल्या मुलीसाठी मात्र ते नेहमी मागेच राहिलं. १९४९ पासून तब्बल २०१७ पर्यंत ते पंधरावर अडलेलं होतं. २०१७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते अठरा केलं.

आता आपल्याकडे येऊ. २६ मार्च १९७२ ची रात्र, देसाईगंज, म्हणजे वडसा. तेव्हा चंद्रपूर जिल्हा, आज गडचिरोली. मजुरी करणारी, आईबाप नसलेली एक आदिवासी मुलगी घरच्या तक्रारीवरून पोलीस ठाण्यात आली होती. ठाण्यातच दोन पोलिसांनी अत्याचार केल्याचं तिने सांगितलं. हा खटला तिच्या नावाने प्रसिद्ध आहे. पीडितेचं नाव छापण्याला आज कायद्याने बंदी आहे, आणि ती बंदी याच खटल्यानंतर आली. म्हणून मी ते लिहीत नाही.

दुसऱ्या दिवशी रात्री आठच्या सुमाराला डॉक्टरांनी तिला तपासलं. अंगावर जखम नाही. योनिपटलावर जुने व्रण. दोन बोटं सहज जातात. वय चौदा ते सोळाच्या दरम्यान. सत्र न्यायालयाने १९७४ मध्ये तिला खोटारडी आणि संबंधांची सवय असलेली ठरवून पोलिसांना सोडलं. उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने तो निकाल फिरवून शिक्षा दिली. घाबरून गप्प राहणं म्हणजे संमती नव्हे, असं त्या न्यायालयाने म्हटलं. सप्टेंबर १९७८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पुन्हा निर्दोष सोडलं. मुख्य आधार काय? अंगावर जखम नाही, म्हणजे झटापट झाली नाही, म्हणजे प्रतिकाराची गोष्ट खरी नाही.

इथे माझ्यातला फिजिशियन गप्प बसू शकत नाही. जिवाच्या भीतीत शरीर तीन गोष्टी करतं: लढतं, पळतं किंवा थिजतं. थिजणं ही मेंदूने आपोआप घडवून आणलेली अवस्था आहे. स्नायू ऐकत नाहीत, आवाज फुटत नाही. अंगावर बिबट्या आला की लढाऊ माणूससुद्धा जागच्या जागी खिळतो, आणि त्याला कोणी विचारत नाही की तुझी संमती होती का. पोलीस ठाण्यात, रात्री, पंधरा वर्षांची मुलगी, समोर दोन पोलीस. तिच्या अंगावर ओरखडा का नाही, हे कोड्यात टाकणारं नाही. बलात्कार झालेल्या अनेक स्त्रियांच्या अंगावर एकही जखम सापडत नाही.

सप्टेंबर १९७९ मध्ये उपेंद्र बक्षी, रघुनाथ केळकर, लतिका सरकार आणि वसुधा धागमवार या कायद्याच्या चार अध्यापकांनी सरन्यायाधीशांना खुलं पत्र लिहिलं. शरण जाणं आणि संमती देणं यांत फरक आहे, हा त्याचा गाभा. देशभर मोर्चे निघाले. निकाल बदलला नाही, कायदा बदलला. १९८३ च्या दुरुस्तीने किमान सात वर्षांची शिक्षा आली, कोठडीतल्या बलात्काराला किमान दहा. कोठडीतल्या प्रकरणात संबंध सिद्ध झाला आणि बाई 'माझी संमती नव्हती' म्हणाली, तर न्यायालयाने तेच गृहीत धरायचं, असंही ठरलं.

पण डॉक्टरचा फॉर्म तसाच राहिला. पुरावा कायद्यात फिर्यादी बाईचं 'चारित्र्य' काढायची मुभा देणारं एक पोटकलम होतं, ते जायला २००३ साल उजाडलं. म्हणजे १९९५ मध्ये मी जो शेरा मारला, तो वकिलाने वापरणं पूर्ण कायदेशीर होतं. हे मी स्वतःच्या बचावासाठी सांगत नाही. मला शरीरशास्त्र येत होतं, तरी मी तो मारला.

बदलाचा मोठा धक्का आमच्याच राज्यातून आला, याचं मला बरं वाटतं. सेवाग्रामच्या वैद्यकीय महाविद्यालयातले न्यायवैद्यकाचे डॉ. इंद्रजित खांडेकर यांनी या तपासण्या किती अशास्त्रीय पद्धतीने होतात, याचा अहवाल तयार केला. त्यावरून २०१० मध्ये नागपूर खंडपीठात जनहित याचिका झाली. मग डिसेंबर २०१२ ची दिल्लीतली घटना आणि न्यायमूर्ती वर्मा समिती. २०१३ च्या दुरुस्तीने व्याख्याच रुंदावली. आता फक्त योनिमार्गातला संबंध नव्हे, तर मुखमैथुन, गुदमैथुन, वस्तूचा वापर हे सगळं बलात्कारात मोडतं. संमती म्हणजे शब्दांनी, खुणेने वा वागण्यातून दिलेला स्पष्ट, स्वेच्छेचा होकार. आणि अंगाने प्रतिकार केला नाही एवढ्यावरून संमती मानता येणार नाही, हे कायद्यात लिहिलं गेलं. देसाईगंजनंतर एकेचाळीस वर्षांनी.

त्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयाने दोन बोटांच्या तपासणीला स्त्रीच्या खासगीपणाचा आणि प्रतिष्ठेचा भंग म्हटलं. २०१४ मध्ये केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने नवी मार्गदर्शक तत्त्वं आणि नवा फॉर्म दिला. तरीही ती तपासणी होतच राहिली, आणि ऑक्टोबर २०२२ मध्ये न्यायालयाला म्हणावं लागलं की जो डॉक्टर ती करेल, तो गैरवर्तनाचा दोषी. सवयी कायद्याने सुटत नाहीत. मधुमेहाच्या पेशंटना मी हेच सांगत असतो.

१ जुलै २०२४ पासून दंड संहितेच्या जागी भारतीय न्याय संहिता आली. व्याख्या कलम ६३ मध्ये, शिक्षा ६४ पासून पुढे. किमान दहा वर्षं, कमाल जन्मठेप. मुलगी सोळाखालची असेल तर किमान वीस वर्षं. बाराखालची असेल तर फाशीपर्यंत. फाशीबद्दल मी साशंक आहे. लहान मुलांवर अत्याचार करणारा पुष्कळदा घरातला किंवा ओळखीचाच असतो, आणि काकाला फाशी होईल या भीतीने घरच मुलीला गप्प बसवतं. वर्मा समितीनेही बलात्कारासाठी फाशी सुचवली नव्हती.

दोन भोकं अजून आहेत. अठरा वर्षांवरच्या बायकोवर नवऱ्याने केलेली जबरदस्ती नव्या संहितेतही बलात्कार नाही. १८६० चा तो अपवाद वय वाढवून जिवंत ठेवला आहे. गर्भपाताच्या कायद्यापुरतं मात्र सर्वोच्च न्यायालयाने २०२२ मध्ये लग्नातला बलात्कार मानला आहे. दुसरं, जुनं कलम ३७७ नव्या संहितेत घेतलंच नाही. त्यामुळे प्रौढ पुरुषावर असा अत्याचार झाला तर त्यासाठी वेगळं कलम उरलेलं नाही. मुलग्यांना, अठरा वर्षांपर्यंत, पोक्सोचं संरक्षण आहे.

हे वाचणाऱ्या कोणावर घरात, शेजारात अशी वेळ आलीच, तर काही गोष्टी ठाऊक असू द्या. आधी पोलीस स्टेशन, मग दवाखाना, असा क्रम कायद्यात नाही. थेट दवाखान्यात जा. सरकारी असो वा खासगी, प्रत्येक रुग्णालयाने मोफत प्रथमोपचार आणि उपचार करायलाच हवेत. नाकारणं हा एक वर्षापर्यंत कैदेचा गुन्हा आहे. रुग्णालय पोलिसांना कळवेल. प्रौढ बाईला तक्रार करायची नसेल तर तसं लिहून घेतलं जातं, पण उपचार थांबत नाहीत. वय अठराच्या आत असेल तर मात्र पोलिसांना कळवणं सक्तीचं आहे. गर्भ राहू नये म्हणून गोळी आणि एचआयव्ही टाळणारी औषधं ७२ तासांच्या आत सुरू व्हायला हवीत, जितकी लवकर तितकी चांगली. शक्य असेल तर आधी आंघोळ करू नका. केली असेल तरी या. कपडे बदलले असतील तर आधीचे न धुता कागदी पिशवीत आणा, प्लॅस्टिकच्या नको, त्यात ओल धरते आणि नमुना खराब होतो.

तपासणीआधी डॉक्टरने प्रत्येक गोष्ट समजावून सांगायला हवी, आणि कोणत्याही टप्प्यावर 'हे नको' म्हणता येतं. तेवढ्यावरून उपचार अडवता येत नाहीत. आणि समोरच्या फॉर्मवर बोटांचा रकाना दिसलाच, तर तो कोरा ठेवायला सांगा.