दोन भाषांची पाठशाळा

 रोह्याच्या पुलाखालून वाहणारी आपली कुंडलिका रेवदंडा आणि कोर्लई यांच्यामधून समुद्राला मिळते. आजची गोष्ट तिच्या त्या मुखाशी येऊन थांबणार आहे, पण तिची सुरुवात गोव्यात आहे.

पोर्तुगीज राजवटीत 1541 मध्ये गोव्यात मुलांसाठी एक पाठशाळा निघाली. पुढे जेझुइट पाद्र्यांनी ती सेंट पॉल कॉलेज म्हणून वाढवली. आजच्या अर्थाने ते विद्यापीठ नव्हते, पण त्या काळी आशियातले मोठे कॅथलिक विद्याकेंद्र होते. शिकवणे लॅटिन-पोर्तुगीजमधून, पण इथल्या मुलांनी आपली बोली विसरू नये अशी अपेक्षा. कारण त्यांनीच पुढे आपल्या लोकांत जाऊन धर्म समजावायचा होता. 1556 मध्ये इथिओपियाला निघालेला एक छापखाना गोव्यात अडकला आणि याच कॉलेजात बसला. भारतातली छपाई तिथून सुरू झाली.

1579 मध्ये थॉमस स्टीफन्स हा इंग्रज पाद्री गोव्यात आला. तो कोकणी शिकला, मराठीही शिकला. धर्म बदललेल्या लोकांची जुनी पुराणे सुटली होती. कानाला सवय ओवीची, आणि ऐकायला ओवी नाही! मग त्याने ओवीतच मराठी ‘क्रिस्तपुराण’ रचले. सुमारे अकरा हजार ओव्या. 1616 मध्ये ते राशोलला छापले गेले. देवनागरी खिळे नसल्याने अक्षरे रोमन, भाषा मात्र आपली. त्यात त्याने मराठीची थोरवीही गायली. त्याचे कोकणीचे व्याकरण त्याच्या मृत्यूनंतर, 1640 मध्ये निघाले.

पण सत्तेचे मन बदलते. 1684 मध्ये व्हाइसरॉयने हुकूम काढला: तीन वर्षांत कोकणी सोडा, पोर्तुगीज बोला. ज्या भाषेचे व्याकरण छापले, तिच्यावरच बंदी! कोकणी मात्र मेली नाही. हुकूम कचेरीत चालतो, चुलीपुढे चालत नाही.

याची उलटी गोष्ट आपल्या कुंडलिकेच्या मुखाशी आहे. 1740 मध्ये चौलचा भाग मराठ्यांकडे आला आणि पोर्तुगीज गेले. कोर्लईच्या ख्रिस्ती घरांत मात्र पोर्तुगीजमधून घडलेली एक बोली राहिली. लोक तिला ‘नौ लिंग’, म्हणजे आमची भाषा, म्हणतात. बोलणारे हजाराच्या आसपास. तिच्यासाठी ना शाळा, ना छापखाना. मुले शाळेत मराठी शिकतात आणि घरी आईशी नौ लिंग बोलतात. पावणेतीनशेहून अधिक वर्षे ती टिकली, ती अशीच.

सेंट पॉल कॉलेजची आता एक कमान उभी आहे. तिथे मुलीला प्रवेश नव्हता. तरी विद्या लोकांपर्यंत न्यायची झाली, तेव्हा विद्वानाला घरच्या भाषेकडेच यावे लागले. पेणजवळच्या गागोद्यात जन्मलेल्या विनोबांचेही तेच. आईला संस्कृत गीता कळेना, तिने मराठी गीता मागितली. ती गेल्यावर कितीतरी वर्षांनी, 1930-31 मध्ये, त्यांनी ‘गीताई’ लिहिली.

मैत्रिणींनो, मुलांना इंग्रजी शाळेत जरूर घाला. पण संध्याकाळी भाकरी थापताना त्यांच्याशी कोणत्या भाषेत बोलायचे, ते मात्र आपल्याच हातात आहे. आगरी असो, कातकरी असो, नौ लिंग असो, ती बोला.